कर्जवसुलीचा जाच आणि कायद्याचे संरक्षण
पलूस परिसरातील शेतकरी बंधू व गावपातळीवरील कार्यकर्ते यांच्यासाठी

शेतीच्या धंद्यात कर्ज काढणे हा काही दोष नव्हे. ज्या धंद्यात खर्च आज करावयाचा आणि उत्पन्न कित्येक महिन्यांनी हाती यावयाचे, त्या धंद्यास उधारीच्या भांडवलाचा आधार घ्यावाच लागतो. कृष्णा व येरळा या नद्यांच्या काठी वसलेल्या पलूस परिसरात तर ही गोष्ट विशेष खरी आहे. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला, की तो कारखान्यास जाण्यास सुमारे दीड वर्ष लागते. द्राक्षबागेची एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते. खते, औषधफवारणी आणि मजुरी यांचा खर्च वर्षभर चालूच राहतो. पैसा मात्र फळ उतरल्यावरच मिळतो. मध्येच अवकाळी पाऊस झाला तर घड कुजतात. सन २०१९ व २०२१ या साली कृष्णेला महापूर आला, तेव्हा भिलवडी, ब्रह्मनाळ, आमणापूर इत्यादी नदीकाठच्या गावांतील उभी पिके पाण्याखाली गेली. अशा वेळी कर्ज थकते आणि वसुलीचा तगादा सुरू होतो.

घेतलेले कर्ज फेडणे हे कर्जदाराचे कर्तव्यच आहे, याविषयी दुमत नाही. परंतु वसुली कोणत्या मार्गाने करावी, व्याज किती घ्यावे, हिशेब कसा ठेवावा आणि शेतकऱ्याच्या कोणत्या वस्तूस हात लावू नये, यासंबंधी कायद्याने मर्यादा घालून दिलेल्या आहेत. या मर्यादा माहीत नसल्यामुळे अनेक कुटुंबे भीतीपोटी कोऱ्या कागदावर सह्या करतात, नावापुरते म्हणून खरेदीखत करून देतात आणि पिढ्यान् पिढ्यांची जमीन गमावून बसतात. यास्तव या लेखात त्या कायद्याचा इतिहास, त्यातील मुख्य तरतुदी आणि शेतकऱ्याने प्रत्यक्षात काय करावे, याचा क्रमाने विचार केला आहे.

कायदा कसा जन्मास आला

कर्जदार शेतकऱ्यास संरक्षण देणाऱ्या कायद्याचा उगम आपल्याच मुलखात झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सन १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे हिंदी कापसास मोठा भाव आला. सावकारांनी हात मोकळा सोडून कर्जे दिली. युद्ध संपताच भाव कोसळले. त्यातच नव्या जमाबंदीने काही तालुक्यांत साऱ्याचे दर पुष्कळ वाढले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे कर्जाचा दावा ठराविक मुदतीत लावणे भाग होते. म्हणून सावकार दर थोड्या वर्षांनी जुन्या मुद्दलात व्याज मिळवून नवा रोखा लिहून घेत. न्यायालयात केवळ रोख्यावरील आकडा पाहिला जाई. मूळ कर्ज किती होते, हे कोणी विचारीत नसे. परिणामी हुकूमनामे झाले, जमिनी लिलावात गेल्या आणि कर्जापायी शेतकरी दिवाणी तुरुंगातही गेले.

या असंतोषाचा स्फोट १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे झाला. पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गावी शेतकऱ्यांनी सावकारांकडील रोखे, खते व हुकूमनामे मागून घेऊन त्यांची होळी केली. त्यांचा राग मुख्यतः कागदांवर होता, ही त्या दंग्यातील अर्थपूर्ण बाब होय. कारण त्यांच्या दृष्टीने अन्यायाचे मूळ त्या कागदांतच होते. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि सन १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा संमत झाला.

हा कायदा प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. त्या वेळी तासगाव तालुका सातारा जिल्ह्यातच होता. म्हणून आपल्या भागाचा या कायद्याशी आरंभापासून संबंध आहे. मात्र आजच्या पलूस तालुक्यातील सर्व गावे त्या काळी एका सत्तेखाली नव्हती. कुंडल हे औंध संस्थानात मोडत असे.

त्या कायद्याने तीन मोठ्या गोष्टी साधल्या. पहिली, न्यायाधीशास रोख्यामागे जाऊन आरंभापासूनचा हिशेब तपासण्याचा अधिकार व कर्तव्य प्राप्त झाले. दुसरी, पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास अटक करून तुरुंगात टाकणे बंद झाले. तिसरी, खास गहाण दिली नसेल तर शेतकऱ्याची जमीन अशा हुकूमनाम्यात जप्त करण्यास प्रतिबंध झाला. पावती व हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्कही त्यात होता. पुढे खरेदीखत म्हणून लिहिलेला कागद वस्तुतः गहाणखत आहे, असे तोंडी पुराव्याने दाखविण्याची मुभा शेतकऱ्यास मिळाली. आजच्या कायद्यातील अनेक कलमांचे बीज तेथेच सापडते.

त्यानंतर सन १९३९ मध्ये आणि पुन्हा सन १९४७ मध्ये मुंबई शेतकरी ऋणनिवारण कायदे झाले. सन १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने सावकारास परवाना घेणे आवश्यक केले आणि कर्जदाराची छळणूक हा गुन्हा ठरविला. याच सुमारास, सन १९४३ ते १९४६ या काळात, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार कार्य करीत होते. कुंडल हे त्याचे एक प्रमुख केंद्र होते आणि क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड हे तेथील अग्रणी कार्यकर्ते होते. प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांपुढे गावकीच्या तंट्यांबरोबर सावकारी जाचाची गाऱ्हाणीही लोक नेत असत.

कायदे झाले तरी पर्यायी पतपुरवठा नसेल तर शेतकरी पुन्हा त्याच दाराशी जातो. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी १९५१-५२ साली झाली, तेव्हा शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सावकारांचा वाटा सुमारे ७० टक्के आणि सहकारी संस्थांचा केवळ ३.१ टक्के असल्याचे आढळले. तेव्हापासून गावोगावी विकास सोसायट्यांचे जाळे विणले गेले. तरीही परवाना नसलेली खाजगी सावकारी समूळ नाहीशी झालेली नाही.

सन २०१४ चा सावकारी नियमन कायदा

सन १९४६ च्या कायद्याची जागा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ याने घेतली. या कायद्याची अंमलबजावणी सहकार खात्याकडे आहे. जिल्ह्यात सहकारी संस्थांचे जिल्हा उपनिबंधक आणि तालुक्यात सहायक निबंधक हे त्यासंबंधीचे अधिकारी होत. शेतकऱ्याने समजून घ्यावयाच्या तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत.

परवाना : परवान्याशिवाय सावकारीचा धंदा करता येत नाही. परवाना नसताना सावकारी केल्यास ५ वर्षांपर्यंत कारावास किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परवान्यात नमूद केलेल्या क्षेत्राबाहेर धंदा करण्यासही सावकारास मुभा नाही. कर्ज देतेवेळी परवाना नव्हता असे दिसून आल्यास न्यायालय त्या सावकाराच्या बाजूने हुकूमनामा देत नाही.

व्याज : राज्य शासनाने सन २०१४ मध्ये ठरविलेले कमाल दर असे आहेत. शेतकऱ्यास दिलेल्या तारणी कर्जावर वर्षास ९ टक्के आणि विनातारण कर्जावर वर्षास १२ टक्के. इतरांच्या बाबतीत हेच दर अनुक्रमे १५ व १८ टक्के आहेत. हे दर वर्षाचे आहेत, महिन्याचे नव्हेत, हे पुनःपुन्हा सांगणे अवश्य आहे. कारण गावातील बोलीत 'पाच टक्के' म्हणजे दरमहा शेकडा पाच असाच अर्थ होतो.

हिशेब व पावती : कर्जाचा हिशेब नीट ठेवणे, कर्जदारास हिशेबाचा उतारा देणे आणि भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती देणे हे सावकाराचे कर्तव्य आहे. कर्जाची खरी रक्कम न लिहिलेला अथवा जागा कोऱ्या ठेवलेला रोखा किंवा तारणाचा कागद घेणे कायद्यास मान्य नाही.

छळणूक : कर्जाच्या वसुलीसाठी कर्जदारास मारहाण करणे, धाकदपटशा दाखविणे, जागोजाग त्याचा पाठलाग करणे, त्याच्या मालकीच्या वा वापरातील वस्तू अडकवून ठेवणे, त्याच्या घराभोवती किंवा कामाच्या जागी घुटमळत राहणे, हे सर्व छळणुकीत मोडते. असे करणारा आणि त्यास साहाय्य करणारा, दोघेही शिक्षेस पात्र होतात. थकबाकी खरी आहे, एवढ्याने छळणूक क्षम्य ठरत नाही.

जमीन परत मिळण्याची तरतूद : या कायद्याचे १८ वे कलम शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. सावकाराने खरेदी, गहाण, भाडेपट्टा, अदलाबदल अथवा अन्य मार्गाने ताब्यात घेतलेली स्थावर मिळकत वस्तुतः कर्जाचे तारण म्हणून दिली गेली होती, असे मानण्यास कारण असेल तर जिल्हा उपनिबंधक चौकशी करू शकतात. दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून आणि पुरावा तपासून तो दस्त अवैध ठरविण्याचा आणि मिळकतीचा ताबा मूळ कर्जदारास किंवा त्याच्या वारसांस परत देण्याचा हुकूम त्यांना करता येतो. मात्र यासाठी कायद्याने कालमर्यादा घातलेली आहे. सबब विलंब न करता अर्ज करणे हिताचे होय.

आकड्यांचा पडताळा

एका काल्पनिक उदाहरणाने ही गोष्ट स्पष्ट होईल. समजा, एका द्राक्ष बागायतदाराने छाटणीच्या वेळी १ लाख रुपये दरमहा शेकडा ५ या दराने विनातारण घेतले. महिन्याचे व्याज ५ हजार रुपये झाले, म्हणजे वर्षाचे ६० हजार. वीस महिन्यांत व्याजाची रक्कम मुद्दलाइतकी होते. तीन वर्षे काही न फेडता गेली तर केवळ सरळ व्याजच १ लाख ८० हजार रुपये होते. कायद्याच्या कमाल दराने, म्हणजे वर्षास १२ टक्क्यांनी, याच तीन वर्षांचे व्याज ३६ हजार रुपये होते. अंतर १ लाख ४४ हजार रुपयांचे आहे. या अंतरापायीच पुढे शेतीचा तुकडा लिहून देण्याची पाळी येते.

आता समजा, या बागायतदाराने हप्त्याहप्त्याने १ लाख २० हजार रुपये दिले. परंतु एकही पावती घेतली नाही. सावकाराच्या वहीत ते सारे व्याजात जमा झाले आणि मुद्दल जसेच्या तसे राहिले. प्रत्येक वेळी रक्कम बँकेमार्फत दिली असती, किंवा निदान पावती घेतली असती, तर हिशेबाची मागणी करून आपण किती दिले हे त्यास सिद्ध करता आले असते. कायदा हाती असूनही पुरावा नसेल तर कायद्याचे हात बांधले जातात.

नावापुरते खरेदीखत

'कागद फक्त भरवशासाठी आहे, पैसे फेडले की जमीन परत' असे सांगून खरेदीखत लिहून घेण्याचा प्रकार जुना आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात शर्तीच्या विक्रीने केलेले गहाण मान्य आहे. यासच आपल्याकडे मुदतखरेदी म्हणतात. परंतु पैसे परत केल्यावर जमीन परत करण्याची शर्त त्याच दस्तात लिहिलेली असल्याशिवाय असा व्यवहार गहाण म्हणून गणला जात नाही. वेगळ्या कागदावरील वा तोंडी वचनावर विसंबणाऱ्या शेतकऱ्याचे यामुळे अपरिमित नुकसान होते. अशा फसलेल्या शेतकऱ्यासाठीच १८ व्या कलमाचा मार्ग ठेवलेला आहे. तथापि त्या मार्गाने जाण्याची वेळच येऊ न देणे अधिक शहाणपणाचे होय.

यास्तव दुय्यम निबंधकासमोर सही करण्यापूर्वी दस्त शब्दशः वाचून घ्यावा. कर्जापोटी जमीन देणे अटळच असेल तर गहाणखतच करावे. दस्तानंतर तलाठ्याकडून फेरफाराची नोटीस आल्यास तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. हरकत असल्यास १५ दिवसांच्या आत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. गहाणाची रक्कम धनको जाणूनबुजून स्वीकारीत नसेल तर ती न्यायालयात जमा करण्याची सोयही कायद्यात आहे.

बँका, सूक्ष्म वित्तसंस्था व सोसायट्या

सावकारी कायदा बँका व सहकारी संस्थांस लागू नाही. म्हणून त्यांच्या वसुलीस काही धरबंध नाही, असे मात्र समजू नये. भारतीय रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार थकीत कर्जासाठी सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर कर्जदारास दूरध्वनी करण्यास मनाई करण्यात आली. धमकी देणे, शिवीगाळ करणे, चारचौघांत अपमान करणे, नातेवाईक व शेजारी यांना त्रास देणे हेही निषिद्ध आहे. वसुलीसाठी नेमलेल्या माणसाच्या वर्तनाची जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थेवरच राहते.

महिलांच्या गटांना आठवड्याच्या वा पंधरवड्याच्या हप्त्याने कर्ज देणाऱ्या सूक्ष्म वित्तसंस्थांसाठी मार्च २०२२ मध्ये निराळे नियम झाले. वर्षाचे कौटुंबिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांस दिलेले विनातारण कर्ज त्यांत येते. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. वसुली ठरलेल्या जागीच करावयाची असते; कर्जदार लागोपाठ दोन वा अधिक वेळा तेथे आला नाही तरच घरी जाता येते. या कर्जासाठी सकाळी ९ पूर्वी व सायंकाळी ६ नंतर वारंवार दूरध्वनी करणे हे त्रासदायक वर्तन मानले आहे.

ट्रॅक्टर वा अन्य वाहन तारण असले तरी ते गुंडांकरवी बळाने ओढून नेता येत नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने सन २००७ मध्ये स्पष्ट केली. तारणाची मिळकत न्यायालयात न जाता ताब्यात घेण्याचे अधिकार बँकांस देणारा सन २००२ चा कायदा शेतजमिनीच्या तारणास लागू होत नाही. विकास सोसायटीच्या थकबाकीसाठी सहकार कायद्याच्या १०१ व्या कलमाखाली वसुली दाखला घ्यावा लागतो. त्यापूर्वी चौकशी होते. तिची नोटीस आल्यास हजर राहून आपला हिशेब मांडावा. नोटीस न घेता परत पाठविणे हे स्वतःचेच नुकसान करून घेणे होय.

दिवाणी हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीतही शेतकऱ्यास काही संरक्षण आहे. उपजीविकेसाठी आवश्यक अशी शेतीची अवजारे, जनावरे व बियाणे, तसेच शेतकऱ्याचे राहते घर, ही सर्वसाधारणपणे जप्तीतून वगळलेली आहेत. केवळ दारिद्र्यामुळे कर्ज फेडू न शकणाऱ्या प्रामाणिक माणसास तुरुंगात टाकणे योग्य नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने सन १९८० मध्ये सांगितले आहे. तेव्हा 'उद्या पोलीस येऊन धरून नेतील' या धमकीने घाबरून जाण्याचे कारण नाही.

तक्रार कशी करावी

१. घडलेल्या प्रकारांची तारीखवार टिपण वहीत लिहून ठेवावी. कोण आले, किती वाजता आले, काय बोलले आणि साक्षीस कोण होते, हे नोंदवावे.
२. रोख्याची नक्कल, पावत्या, बँकेचा खातेउतारा, सातबारा व खरेदीखताची नक्कल एकत्र करावी.
३. सावकारीविषयीचा लेखी अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे अथवा सांगली येथील जिल्हा उपनिबंधकांकडे द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.
४. मारहाण, धमकी किंवा घरात घुसण्याचा प्रकार झाल्यास विलंब न करता पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी.
५. बँक वा वित्तसंस्थेविरुद्ध तक्रार असल्यास प्रथम त्या संस्थेकडेच लेखी द्यावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. माहितीसाठी १४४४८ हा दूरध्वनी क्रमांक आहे.
६. वकिलाचा खर्च झेपत नसल्यास तालुका विधी सेवा समितीकडे जावे. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अल्प उत्पन्नाचे लोक यांना मोफत कायदेशीर साहाय्य मिळण्याची सोय आहे.

खोटी तक्रार मात्र कधीही करू नये. परवानाधारक सावकार कायद्याच्या दराने व्यवहार करीत असेल तर त्याचे देणे चुकविण्यासाठी हा कायदा नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे कार्य

जाचात सापडलेला शेतकरी बहुधा आपण होऊन बोलत नाही. लाजेमुळे तो चावडीवर येईनासा होतो, सोसायटीच्या सभेस टाळतो, कधी घरच्या माणसांपासूनही कर्ज लपवितो. अशा वेळी कार्यकर्त्याने चारचौघांत विषय न काढता त्याच्या बांधावर जाऊन विचारपूस करावी. त्याच्या सर्व देण्यांची एक यादी करावी. कोणाचे किती, कोणत्या दराने, कोणत्या तारणावर, हे कागदावर उतरले की अर्धी भीती कमी होते. नंतर त्याच्यासोबत कचेरीत जावे. अर्ज लिहून देणे हे लहान काम दिसते; परंतु त्यावाचून अनेकांची पावले कचेरीच्या पायरीशीच अडखळतात.

त्याबरोबरच संस्थात्मक कर्जाची वाट दाखविणे अगत्याचे आहे. सन २०२१-२२ पासून राज्यात ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्या शेतकऱ्यास शून्य टक्के व्याजाचा लाभ देण्यात आला. १ जानेवारी २०२५ पासून २ लाख रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जास तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेने ठरविले. पूर, अवकाळी पाऊस अशी आपत्ती आल्यास पंचनामा वेळेवर होतो की नाही याकडे लक्ष द्यावे आणि कर्जाच्या पुनर्गठनाची मागणी बँकेकडे वेळीच करावी. थकबाकी होऊन गेल्यावर धावाधाव करण्यापेक्षा थकण्यापूर्वी बँकेच्या दारी जाणे केव्हाही चांगले.

सन १८७५ च्या शेतकऱ्यास कागद जाळण्यावाचून मार्ग दिसला नाही. कारण त्या कागदामागील सत्य पाहण्याची सोय त्या वेळच्या न्यायालयात नव्हती. आज तो कागद तपासण्याचा, नाकारण्याचा आणि प्रसंगी रद्द करविण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. तो वापरण्यासाठी शेतकऱ्याने कोऱ्या कागदावर सही न करणे, प्रत्येक रकमेची पावती घेणे आणि अन्याय झाल्यास वेळेत अर्ज करणे, या तीन गोष्टी कटाक्षाने पाळल्या पाहिजेत. गावातील प्रत्येक सोसायटीच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर या तीन गोष्टी ठळक अक्षरांत लिहिल्या जाव्यात आणि पुढील ग्रामसभेत त्या वाचून दाखवाव्यात.